आमच्या घरी कधीच मीटर लागलं नाही, मग टीआरपी येतो कुठून?

नागपूरच्या गांधीबागेत साड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका भाऊंचा प्रश्न आहे. दिवाळीच्या जाहिरातीसाठी एका मराठी वाहिनीचा माणूस आला आणि ‘आम्ही नंबर वन’ असा कागद दाखवून गेला. भाऊंचं म्हणणं असं की आपल्या घरी, सासरी, महाल भागातल्या बहिणीकडे, दुकानातल्या पोरांकडे कुणाकडेच कधी ते मीटर लागलं नाही, कुणी विचारायलाही आलं नाही. मग हा आकडा खरा की फेरफार करून बनवलेला, आणि त्यावर पैसे लावायचे का? जाताजाता वहिनींचाही एक प्रश्न जोडला आहे : चांगली चाललेली मालिका टीआरपी नाही म्हणून मध्येच का गुंडाळतात?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो. आकडा बहुतेक खरा असेल. पण तुमच्या दुकानाच्या कामाचा तो फारसा नाही. मी नागपुरात जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंग करतो. दुकानदार, कोचिंग क्लास, बिल्डर यांचे पैसे कुठे लावायचे हे ठरवणं हाच माझा धंदा. त्यामुळे असले कागद रोज टेबलावर येतात, आणि त्यांतला कुठला भाग वाचायचा हेही हळूहळू कळत जातं.

आधी मीटरचं. देशात टीव्ही बघण्याचं मोजमाप बार्क ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्स्या अशा तिघांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली, त्यात वाहिन्यांचा वाटा ६० टक्के आणि उरलेल्या दोघांचा २०-२० टक्के. २०१५ च्या एप्रिलपासून तिचे आकडे येऊ लागले, त्याआधी हे काम टॅम ही कंपनी करायची. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये नियमबदलाचा मसुदा काढला, तेव्हा देशात सुमारे २३ कोटी टीव्हीवाली घरं आणि त्यांत सुमारे ५८,००० मीटर असा आकडा दिला होता. भागाकार करा. साधारण चार हजार घरांमागे एक मीटर. लग्नाच्या पत्रिका वाटतानासुद्धा आपण पाचशे घरांच्या पुढे जात नाही, तर ओळखीत एकही मीटरवालं घर नसणं अगदी स्वाभाविक आहे. आणि असलं तरी तुम्हाला कळायचं नाही, कारण ज्यांच्याकडे ते बसवतात त्यांनी ते बाहेर सांगायचं नसतं. माध्यमांत किंवा जाहिरातीत काम करणाऱ्यांची घरं घेतच नाहीत. माझ्याकडे तर ते कधीच लागणार नाही.

आता लोकांचा नेहमीचा आक्षेप : चार हजारांत एक घर म्हणजे काहीच नाही, एवढ्यावर देशाचं काय कळणार? हा आक्षेप ऐकायला बरोबर वाटतो, पण चुकीच्या जागी बोट ठेवतो. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. घरचा कुकर असो की भंडाऱ्याच्या पंगतीचा हंडा, चार शितं दाबली की भात झाला का ते कळतं. हंडा मोठा म्हणून मूठभर शितं दाबावी लागत नाहीत. नमुन्याचं गणितही हेच सांगतं. चूक किती होईल हे नमुन्यात किती माणसं आहेत त्यावर ठरतं, लोकसंख्या किती मोठी आहे त्याचा त्यात जवळपास संबंधच नाही. अट एवढीच की भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा, किंवा मग शितं वरून, खालून, कडेने अशी ठरवून उचललेली हवीत.

टीव्ही बघण्याच्या बाबतीत भात सारखा शिजलेला मुळीच नसतो. धरमपेठेतलं पेन्शनर जोडपं, जरीपटक्यातलं सिंधी एकत्र कुटुंब, हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीत काम करणारा मुलगा, काटोलकडचा संत्र्याचा बागायतदार यांचे टीव्ही एकसारखे कसे चालतील? म्हणून आधी एक मोठी घरोघरची पाहणी होते. कुठल्या भागात किती घरांत टीव्ही आहे, घरात भाषा कोणती, माणसं किती, वय काय, केबल की डिश की डीडी फ्री डिश. आर्थिक थर ठरवताना उत्पन्न विचारत नाहीत, कारण ते कुणी खरं सांगत नाही. त्याऐवजी घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत एवढंच बघतात : वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए, बी, सी, डी, ई असे थर पडतात. धंद्यात याला एनसीसीएस म्हणतात. या पाहणीतून समाजाचा जो साचा तयार होतो, त्याच प्रमाणात मीटरची घरं निवडतात, आणि दरवर्षी त्यांतली काही काढून नवी घेतात.

इथे एक दुबळी जागा आहे. साच्याचा पाया जनगणनेचा, आणि शेवटची जनगणना २०११ ची. त्या वेळी नागपूर शहर २४ लाखांचं होतं. त्यानंतर बेसा, बेलतरोडी, मनीषनगरच्या पलीकडे जे फ्लॅट उभे राहिले, त्यांत कोण राहायला आलं याचा हिशेब पाहण्या आणि अंदाजांवरच चालतो.

घरात मीटर बसल्यावर काय होतं ते बघा, कारण गैरसमज सगळे इथेच आहेत. वाहिनी आपल्या आवाजात एक खूण मिसळून पाठवते. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, मीटर ती पकडतं आणि कोणती वाहिनी, किती वाजताचं प्रक्षेपण हे ओळखतं. हे काम यंत्राचं, त्यात फारशी गडबड नाही. पण टीव्हीसमोर कोण बसलंय हे यंत्राला दिसत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या रिमोटवर एकेक बटण दिलेलं असतं. संध्याकाळी साडेसातला आजी बसली की तिने तिचं बटण दाबायचं. आठला सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन टेकली की तिने तिचं. कुकरची शिट्टी झाली, ती उठली, तर पुन्हा दाबून स्वतःला बाहेर काढायचं. पाहुणे आले तर त्यांच्यासाठी वेगळी सोय, पुरुष की बाई, वय साधारण किती. आता सांगा, तुमच्या घरी किती दिवस हे कुणी मन लावून करेल? पहिले पंधरा दिवस पोरांना मजा वाटते. नंतर आजी जेवून तिथेच सोफ्यावर घोरत असते, टीव्ही चालू, बटणही चालू, आणि बार्कच्या हिशेबात एक साठीपुढची स्त्री रात्री अकरापर्यंत मालिका बघत बसलेली असते. उलटही घडतं : सून पोळ्या लाटता लाटता अख्खा भाग कानाने ऐकते, पण बटण दाबलेलं नसतं, म्हणून ती मोजलीच जात नाही. बटणांचा असा गोंधळ जिथे दिसतो त्या घराची त्या दिवसाची नोंद वगळण्याची पद्धत आहे. तरी माणूस तो माणूस.

याआधी डायरी पद्धत होती, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. डायरीत लोक आठवून आठवून लिहायचे, आणि आठवायचं तेच जे लक्षात राहण्याजोगं किंवा सांगण्याजोगं होतं.

या सगळ्या नोंदींमधून रेटिंग, म्हणजेच तुमचा टीआरपी, कसं निघतं? समजा नमुन्यात एक हजार माणसं आहेत. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. शंभर जणांनी तो लावला, पण सरासरी पंधरा मिनिटंच बघितला. तर पोहोच झाली १० टक्के आणि रेटिंग झालं ५. रेटिंगमध्ये वेळ धरलेला असतो. कोणत्याही एका मिनिटाला सरासरी किती लोक समोर होते, तो आकडा. पोहोचीत कुणी मिनिटभर डोकावून गेलं तरी मोजलं जातं. म्हणून पोहोच नेहमी घसघशीत दिसते आणि विक्रीच्या कागदावर तीच मोठ्या अक्षरांत असते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा पहिल्या शनिवार-रविवारच्या चार भागांना मिळून १७ कोटी प्रेक्षक असा आकडा सगळीकडे फिरला. तो चार भागांचा मिळून होता हे किती जणांनी वाचलं? आणि कोणत्याही एका मिनिटाला १७ कोटी लोक टीव्हीसमोर बसले होते, असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. हा फरक सोडला की वाटेल ते सिद्ध करता येतं.

बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. सर्वांसाठी ती जे तक्ते देते त्यात मराठी वाहिन्यांचा बाजार ‘महाराष्ट्र/गोवा’ असा एकत्र असतो आणि सरासरी प्रेक्षक हजारांत दिलेले असतात. बारीक तपशील पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘या आठवड्याचा टीआरपी’ याद्या म्हणजे त्यातूनच कुणीतरी उचललेलं, आणि बहुतेक वेळा कुठला बाजार, कोणतं वय, काहीच न लिहिता.

आता मुद्द्याचं. माझ्या मते नमुना लहान आहे ही या पद्धतीची खरी अडचण नव्हे. अडचण अशी की धंदेवाले त्याचे तुकडे करत जातात, आणि शेवटी हातात उरतं ते तीन-चार घरांचं मत.

हिशेब करून दाखवतो. नागपुरात पाच लाख टीव्हीची घरं धरा आणि मीटर सगळीकडे समप्रमाणात वाटलेत असं धरा. (प्रत्यक्षात ते तसे वाटत नाहीत, पण ढोबळ कल्पना येईल.) चार हजारांमागे एक म्हणजे सव्वाशे मीटर. घरटी चार माणसं, म्हणजे पाचशे माणसं. एखाद्या कार्यक्रमाचं खरं रेटिंग २ असेल, म्हणजे शंभरात दोघे बघत असतील, तर पाचशेच्या नमुन्यात ते दहा माणसांवर उभं आहे. नमुन्याच्या गणिताने ते नुसत्या योगायोगाने ०.८ पासून ३.२ पर्यंत कुठेही दिसू शकतं. तोच कार्यक्रम दहा हजार माणसांच्या नमुन्यात मोजला तर १.७ ते २.३ मध्ये सापडतो. त्यातही एका घरातली चौघं एकत्र बसून एकच वाहिनी बघतात, त्यामुळे ती चार स्वतंत्र मतं धरता येत नाहीत आणि प्रत्यक्षातली चूक याहून मोठीच असते.

तुम्हाला सगळं नागपूर नकोच आहे. तुम्हाला साडी घेणारी बाई हवी, पंचविशी ते पन्नाशीतली, ए आणि बी थरातली. त्या पाचशेंत अशा किती निघतील? साठ-सत्तर धरा. त्यांतली एकजण त्या आठवड्यात शेगावला गेली की दीड रेटिंग गेलं. दोघी बहिणी मिळून माहेरी गेल्या तर ती मालिका ‘कोसळली’. यावर कुणी तुम्हाला ‘नागपुरात आम्ही त्यांच्यापेक्षा ०.४ ने पुढे’ असं सांगत असेल तर चहा पाजा आणि विषय बदला.

तुमच्याकडे आलेल्या कागदाचा तुम्ही फोटो पाठवला होता, त्यावर ‘नंबर वन’ बोटभर उंचीचं आहे आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तळटीप आहे. ती वाचूया. बाजार : महा/गोवा, १० लाखांवरील शहरं. म्हणजे मुंबई, पुणे, नाशिक सगळं आलं, नागपूर त्यात एक फोड. लक्ष्यगट : पुरुष, २२ वर्षांवरील, एबी. पुरुष! तुम्ही साड्या विकता. वेळ : रविवार, रात्री ९ ते ९.३०. आठवडा : एकच. म्हणजे हे नंबर वन मोठ्या शहरांतल्या सुखवस्तू पुरुषांमध्ये एका रविवारच्या अर्ध्या तासापुरतं आहे. त्या रविवारी त्यांनी नवा चित्रपट दाखवला असेल तर तेवढ्यापुरतं ते खरंही असेल. कागदात खोटं एक अक्षर नाही. गाळणी हळूहळू बदलत गेलं की कुठल्याही वाहिनीला कुठेतरी पहिला नंबर मिळतोच. त्यांच्या ऑफिसात हेच काम करायला माणूस बसवलेला असतो आणि तो ते चोख करतो.

मग पैशाचं गणित कसं हलतं ते बघा. टीव्हीचा दर दहा सेकंदांचा सांगतात. समजा एका वेळेचा दर ४,००० रुपये आणि रेटिंग ०.८. तर एका रेटिंग पॉइंटला तुम्ही ५,००० मोजताय; याला सीपीआरपी म्हणतात आणि सगळी घासाघीस यावरच होते. पण ते ०.८ लहान तुकड्यातलं असेल आणि खरं ०.५ असेल तर तुमचा भाव ८,००० झाला. १.१ असेल तर ३,६०० च्या आसपास. तुम्ही दोनशे रुपयांसाठी तास-तास भाव करता आणि खालचा आकडाच अर्ध्या-दुपटीने डोलत असतो. मोठ्या कंपनीचं यात फार बिघडत नाही, कारण ती शेकडो स्पॉट (एकदा दाखवलेली जाहिरात म्हणजे एक स्पॉट) वर्षभर, राज्यभर घेते; कुठे कमी पडलं, कुठे जास्त, शेवटी सरासरी लागते. ही सगळी व्यवस्था तिच्यासाठी आहे. चारशे स्पॉटची खरेदी आणि दहा स्पॉटची खरेदी यांना एकच फूटपट्टी लावली की दहावाला मार खातो.

फेरफार होतो का, हेही तुम्ही विचारलंय. होऊ शकतो, आणि तो का होऊ शकतो हे वरच्याच गणितात आहे. राज्यातली मोठी मालिका हलवायला शेकडो घरं लागतील. पण ज्या प्रकारच्या वाहिन्या मुळातच थोडे लोक बघतात, बातम्यांच्या किंवा इंग्रजी, तिथे मूठभर घरांनी दिवसभर एकच वाहिनी लावून ठेवली तरी क्रम बदलतो. बार्कच्या आधीच्या काळातही मुंबईतल्या मीटरच्या घरांची यादी फुटली होती, ते २००१ साल. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी घरांना पैसे देऊन वाहिनी चालू ठेवायला लावल्याचा आरोप जाहीर केला. पाठोपाठ बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते थेट मार्च २०२२ मध्ये सुरू केले, तेही चार आठवड्यांची सरासरी काढून. ही सरासरीची अट मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. खरं तर ती सगळ्याच लहान वाहिन्यांना लावायला हवी.

दुसरा प्रकार पैसे चारण्याचा नाही, पण परिणाम तोच. सेट-टॉप बॉक्स चालू केला की आपोआप एक वाहिनी लागते, मग तुम्ही तुमची शोधता. ती पहिली जागा वाहिन्या केबलवाल्याकडून विकत घेतात. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत जो वेळ जातो तो त्यांच्या खात्यात पडू शकतो. ट्राय या सरकारी नियामकाने २०१८ मध्ये यावर बंदी घातली, २०१९ मध्ये टीडीसॅट या न्यायाधिकरणाने ती रद्द केली. असे अचानक वर गेलेले आकडे गाळायची बार्कची स्वतःची पद्धत आहे. तरी एखादी वाहिनी एकाच आठवड्यात उसळलेली दिसली की मी आधी केबलवाल्या मित्राला फोन लावतो.

आता नागपूरची स्वतःची भानगड, जी पुण्या-मुंबईच्या प्लॅनरला कधी पटकन उमजत नाही. इथल्या घरात दोन भाषा चालतात. आजी मराठी मालिका बघते, मुलगा हिंदी क्रिकेट समालोचन ऐकतो, सूनबाईचं माहेर छिंदवाड्याचं म्हणून तिची हिंदी मालिका ठरलेली. इतवारी, गांधीबाग, जरीपटका इथलं गिऱ्हाईक तर सरळ हिंदीतच बोलतं. पश्चिम महाराष्ट्रात मराठी मनोरंजन वाहिनी म्हणजे सगळी बायकांची बाजारपेठ असा हिशेब चालतो. इथे तो अर्धाच चालतो. ‘महाराष्ट्र/गोवा’ असा एकत्र आकडा बघून नागपूरसाठी मराठी वाहिनी घेतली की आपण सांगली-कोल्हापूरच्या सवयी इथल्या बाईवर लादतो. आणि राज्यभराच्या वाहिनीचा स्पॉट घेतला तर पैसेही सांगली-कोल्हापूरचे भरतो. कोल्हापूरची बाई साडी घ्यायला गांधीबागेत येणार नाही न भाऊ!

गावाकडचं चित्र तर आणखी वेगळं. ऑक्टोबर २०१५ पर्यंत बार्कच्या आकड्यांत फक्त शहरं होती. ग्रामीण घरं जोडली गेली आणि फुकट दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर दिसू लागल्या. लोक त्या आधीही बघतच होते, मोजत कुणी नव्हतं. तुमचं दिवाळीचं निम्मं गिऱ्हाईक उमरेड, सावनेर, काटोल, भंडाऱ्याकडून येत असेल, तर फ्री डिशवर काय दिसतं हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आणि आपल्या शहरातल्या केबलवरच्या स्थानिक वाहिन्या? दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा, रामनवमीची शोभायात्रा, मारबत, महापालिकेची भांडणं, हे सगळं लोक तिथे बघतात. पण आवाजातली ती खूण ज्या वाहिनीत घातलेलीच नाही, तिला मीटर ओळखत नाही. बार्कच्या लेखी ती वाहिनी अस्तित्वातच नाही. म्हणून तिचा टीआरपी शून्य असं कुणी म्हणालं तर ते चूक. तो मोजलेला नाही. आणि स्थानिक वाहिनीवालाच तुम्हाला टीआरपी सांगत असेल, तर त्याला स्रोत विचारा. रेडिओचंही तेच : मीटरऐवजी डायरीवर चालणारं रेडिओचं मोजमाप मुंबई, दिल्ली, बंगळूरु आणि कोलकाता या चार शहरांतच झालं. नागपूरचं नाही.

तर तुम्ही काय करावं? माझा सल्ला सरळ आहे : स्वतःचं मोजा. टीव्ही घ्यायचाच असेल तर स्थानिक केबल, किंवा जिथे ठरावीक भागापुरती जाहिरात दाखवायची सोय मिळते ती घ्या. केबलच्या जाहिरातीत एक मोबाइल नंबर द्या, वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दुसरा, रेडिओला तिसरा. सिमकार्डाला खर्च किती येतो? गल्ल्यावर बसणाऱ्याला एक वही द्या आणि बिल करताना ‘कुठे बघितलं?’ एवढं विचारून एक खूण करायला सांगा. लोक नीट आठवून सांगणार नाहीत; टीव्हीवर कधीच न दिलेली जाहिरात टीव्हीवर पाहिली असंही ठोकून देतील. तरी फोनचे आकडे आणि वहीच्या खुणा शेजारी ठेवल्या की कल ध्यानात येतो. त्याहून पक्कं हवं असेल तर सगळी माध्यमं एकाच दिवशी सुरू करू नका. नवरात्रात फक्त केबल, पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्र जोडा, आणि दोन्ही आठवड्यांची विक्री गेल्या वर्षीच्या त्याच सणाच्या आठवड्यांशी ताडून बघा. तारखांशी नको, कारण दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात.

आरओवर, म्हणजे जाहिरातीच्या लेखी ऑर्डरवर, सही करण्याआधी वेळा लिहून घ्या. ‘आरओडीपी’ (रन ऑफ डे पार्ट) असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ठरलेल्या मोठ्या पट्ट्यात त्यांना वाटेल तेव्हा, आणि त्यांना बहुतेक दुपारी तीनला वाटतं. फुकट दिलेले बोनस स्पॉट रात्री दीड वाजता पडतात. शेवटी प्रक्षेपणाचा दाखला मागा, त्यावर प्रत्येक स्पॉटची वेळ असते, आणि अधूनमधून घरच्या कुणाला तरी घड्याळ लावून बघायला सांगा. बिल पूर्ण देण्याआधी दाखला हातात हवा. स्पॉट गाळणं ही तक्रार मी टीआरपीच्या घोटाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकतो, आणि लहान जाहिरातदाराचा खरा तोटा तिथेच होतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. ‘टीव्हीचा नमुना असतो, आमच्याकडे एकेक माणूस मोजलेला असतो’ असं डिजिटलवाले सांगतात. आयपीएल २०२३ च्या अंतिम सामन्याला जिओसिनेमाने एकाच वेळी ३.२ कोटी असा आकडा दिला होता. तो सामन्यातला सर्वांत वरचा क्षण, आणि मोजलेली असतात ती उपकरणं. एका फोनवर एकटा बघतो की चौघे वाकून बघतात हे त्यातही कळत नाही. टीव्हीचं रेटिंग सरासरी मिनिटाचं, तेही माणसांचं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवता येत नाही. शिवाय तिथे मोजणारा आणि विकणारा एकच.

वहिनींच्या मालिकेचं. मालिका वाईट म्हणून बंद होत नाही, आणि नुसतं रेटिंग कमी म्हणूनही होत नाही. वाहिनी त्या वेळेला समोरच्या वाहिनीवर काय चाललंय ते बघते, मागच्या मालिकेकडून आलेले प्रेक्षक ती टिकवते की घालवते ते बघते, आणि एका भागाचा खर्च जाहिरातीतून निघतो का ते बघते. आठ वाजता ३ रेटिंग असलेली मालिका बंद होऊ शकते आणि साडेदहाला १ वाली दोन वर्षं चालते. त्यात वहिनी स्वतः रोज बघतात की नाही याने, घरात मीटर नसल्यामुळे, काहीही फरक पडत नाही. हे ऐकून त्यांना राग येईल, पण आहे ते असं आहे.

आणि मीटर आपल्याकडे लावून घेता येईल का? नाही. अर्ज करायची सोय नाही; निवड त्यांच्या बाजूने, त्यांच्या यादीतून होते. कुणी दारात येऊन ‘टीआरपीचं मीटर लावतो, अमुक वाहिनी लावून ठेवा, महिन्याला पाचशे देतो’ म्हणाला तर त्याला आत घेऊ नका. खऱ्या पाहणीवाला ओळखपत्र दाखवतो, घरातल्या वस्तू आणि शिक्षण विचारतो, कोणती वाहिनी बघा हे कधीच सांगत नाही.